लंकाबाईचं वाक्य

लंकाबाईनं पहिली ओंजळ सरळ कॅमेऱ्यावरच मारली. झेंडूवर शिंपडायचं बादलीतलं पाणी. कॅमेरावाला "अहो, अहो" करत मागं सरकला, तोवर तिनं दुसरी ओंजळ भरून घेतली होती.

"बंद कर ते आधी. आन् तू, तेंझ्या, तू इकडं बघ."

तेन्झिन बघतच होता. हा डोल्मा स्वेटरवालीचा पोरगा. डोल्मा तिबेटातून जीव वाचवून आलेली; दर हिवाळ्यात रविवार कारंजाच्या या कोपऱ्यावर, लंकाबाईच्या फुलांशेजारी स्वेटर विकायची. पोरगा इथंच गोणपाटावर वाढला, नाशकातल्याच शिव्या शिकला, मराठीत रॅप करायला लागला आणि मोबाइलवर असा काही गाजला की पुण्या-मुंबईची पोरं त्याचं नाव छापलेले टी-शर्ट घालून फिरतात. गाण्याचं नाव 'पाहुणा'. त्यात दर चार ओळींनंतर एक आवाज कडाडतो: "जा की तुमच्या देशात! इथं कशाला मरता?" तो आवाज लंकाबाईचा, तेन्झिननं कधीतरी इथंच बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलेला. आज तेन्झिनसाहेब त्या आवाजाची जागा दाखवायला कॅमेरा घेऊन आले होते. तेही दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऐन धंद्याच्या वेळी!

"काढ माझा आवाज त्या गाण्यातून," लंकाबाई म्हणाली. "फुलं घ्यायला कुणी येत नाय आता. येत्यात, मोबाइल तोंडाला लावत्यात, मावशी डायलॉग म्हणा. परवा नात कॉलेजातून रडत आली. तिच्या आजीच्या शिव्यांवर पोरी गॅदरिंगला नाचल्या. तोंड दाखवायची सोय ठेवली नाय तू."

"वाक्य तुमचंच आहे, मावशी."

"हायच! नाय म्हणते का मी? तुझ्या आईचं गाठोडं हातभर माझ्या रेघेच्या आत आलं व्हतं. बोलले. मी माझ्या सख्ख्या जावेलाबी बोलते. बाजार हाय हा, देऊळ नाय."

रेघ आजही होती. रोज सकाळी विटेच्या तुकड्यानं ती रस्त्यावर आपल्या जागेची हद्द आखते. पलीकडं आता कुणी बसत नाही, डोल्मा वारून दोन हिवाळे झाले. तरी हिचा हात काही थांबत नाही. आणि एवढा गाजलेला तेन्झिन, तोही नेमका रेघेच्या पलीकडंच उभा होता. खोड ती खोड.

"जावेला कुणी देशाबाहेर हाकलत नाही," तो म्हणाला. "मी ते वाक्य अभ्यास करताना ऐकलंय, जेवताना ऐकलंय. मी नाही काढणार. ते काढलं तर गाण्यात उरतं काय?"

"मग सगळं ऐकव ना! पुढंबी कायतरी बोलले असंल मी. चार माणसांत राहिलेली बाई हाय, इतकं वाईट बोलून गप बसायची नाय. तू मधलंच उचललं. चोर कुठला!"

आजूबाजूचे फुलवाले हातातली तोरणं टाकून जमले. तेन्झिननं मोबाइल काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि रेघेवरून हात पुढं केला.

आधी ते वाक्य आलं. मग बाजाराचं खदाखदा हसणं. मग डोल्माचा आवाज, हळू, स्वच्छ मराठीत: "कुठं आहे तो देश, ताई?"

एका स्कूटरचा हॉर्न वाजला. त्यानंतर पुन्हा लंकाबाईचाच आवाज, गिऱ्हाइकाला झेंडूचा भाव सांगणारा. तिथं रेकॉर्डिंग संपलं.

लंकाबाईच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं होतं. "असं इचारलं व्हतं तिनं?"

"विचारलं होतं."

"मला आठवत नाय." मग तिचा आवाज परत चढला. "मग हे का नाय घातलं गाण्यात?"

"आईचा एवढाच आवाज राहिलाय माझ्याकडं. त्याच्यावर लोकांना नाचू देऊ?"

"हां! आन् माझ्यावर नाचलेले चालत्यात." लंकाबाईनं हात झटकले. "आई झाकून ठेवलीस आन् मला भर रस्त्यात उघडं पाडलंस. वा रे पाहुण्या!"

तेन्झिननं मोबाइल खिशात टाकला. त्यानं कॅमेरावाल्याला चल म्हणून खूण केली. तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. मागं बसलेली बायको तोरणं निवडायला वाकली आणि नवऱ्यानं लंकाबाईला बघून मोबाइलच काढला.

"अरे, ह्याच त्या! मावशी, तो डायलॉग म्हणा ना. एकदाच!"

लंकाबाईनं पदर खोचला.

"मावशी, नको," तेन्झिन म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला होता.

तिनं ऐकलं नाही. कमरेवर हात ठेवून, अख्ख्या कारंजाला ऐकू जाईल असं ती ओरडली, "जा की तुमच्या देशात! इथं कशाला मरता?"

फुलवाल्यांतल्या कुणीतरी सवयीनं शिट्टी मारली. ती विरेपर्यंत लंकाबाई थांबली. मग तेन्झिनकडं बघत, डोल्मासारखाच आवाज हळू करून म्हणाली, "कुठं आहे तो देश, ताई?"

मोटारसायकलवाल्यानं मोबाइल खाली घेतला.

"मावशी, ते पुढचं नको," तो म्हणाला. "पहिलं तेवढंच परत म्हणा. जरा जोरात."