मागच्या खोल्या

जुन्या शेतावर मुलांना माती, झाडं आणि इतिहास शिकवणारं केंद्र सुरू होणार होतं. उद्घाटनाला एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं होतं.

"इथले मालक मजुरांना अगदी घरच्यासारखं वागवायचे बरं का," संचालक मुलांना सांगत होते.

"मजूर राहायचे कुठे?" बाईंनी विचारलं.

"मागे पडक्या खोल्या होत्या. पाडल्या. आता तिथे छान स्वच्छतागृहं बांधलीत."

बाईंनी फीत न कापताच कात्री टेबलावर आपटली आणि मुलांना घेऊन त्या तरातरा मागे गेल्या. "अहो बाई, तिकडे कुठे?" म्हणत संचालक धावले.

बाई स्वच्छतागृहाच्या दारात थांबल्या.



"मुलांनो, इथे आमची खोली होती. बाळंतपणात अडलेल्या आईला दवाखान्यात न्यायला गाडी मागितली, तर मालक म्हणाले, सीट खराब होईल. आई इथेच गेली."