बाबांच्या पायाची टेस्ट

२००४ साली नागपूरहून अमेरिकेत सनीव्हेलला मुलाकडे आलेल्या श्रीरामकाकांच्या पायातली चप्पल चालता चालता गळून पडायची आणि त्यांना पत्ताही नसायचा. न्यूरॉलॉजिस्टने नसांची टेस्ट सांगितली. पायाला विजेचे छोटे झटके देणार. ते जाणवले तर नसा अजून शाबूत आहेत, म्हणजे पायाची आशा आहे.

"बाबा, थोडं दुखेल हं," यतीन म्हणाला.

"अरे, मी ओल्या हातानं फ्यूज बदललेत."

टेक्निशियन बाईंनी काकांच्या डाव्या पायाला पट्ट्या चिकटवल्या आणि बटण दाबलं. काका हसत बसले होते. बाईंनी करंट वाढवला. काकांनी जांभई दिली.

"यतीन, मशीन बंद आहे बे यांचं. वॉरंटीत आहे का विचार."

मशीनच बिघडलेलं असू दे, असं मनात म्हणत यतीनने स्वतःचा हात पुढे केला. बाईंनी त्याला अर्ध्याच करंटचा झटका दिला. यतीन "ओ माय गॉड!" करत खुर्चीवरून उडाला. मग हात चोळायचंही विसरून तो बाबांच्या पायाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

काकांनी ते पाहिलं. बाई उजव्या पायाला पट्ट्या लावायला वळल्या.

"आई गं! मेलो! केवढा जोरात लागला रे!" काका मुलाकडे बघत ओरडले.



बाईंनी बटण अजून दाबलंच नव्हतं.