गाव वगळताना

"आबा, तुमचा मोबाईल द्या बघू जरा," सुवर्णा म्हणाली, तेव्हा सासऱ्यांनी तो टोपीखाली लपवला.

घरच्या घोंगड्यांची इंटरनेटवर जाहिरात चालवायला ती महिनाभर शिकत होती. जाहिरातीवर कुणी बोट टेकवलं की पैसे जायचे, मग तो घोंगडी घेवो न घेवो. रोजचे पैसे सकाळीच संपत आणि विक्री काहीच होत नसे. बहुतेक बोटं आपल्याच गावातून पडतात, हे तिला आज कळलं होतं.

"मीच दाबतो," आबा म्हणाले. म्हातारपणी शिकलेली अक्षरं जुळवून ते 'घोंगडी' लिहायचे आणि जाहिरात उघडायचे. आतल्या व्हिडिओत वारलेल्या सासूबाई चरख्यावर लोकर कातताना दिसायच्या.

"आपलं गाव जाहिरातीतून वगळावं लागेल, आबा. व्हिडिओ तुमच्या मोबाईलात वेगळा टाकून देते."

"नको. वेगळी काढलीस, की ती गेलेली दिसंल. जाहिरातीत ती अजून कामाला बसलीय."

सुवर्णाचं बोट गाव वगळायच्या बटणावरच थांबलं.

शेवटी आबांनीच मोबाईल तिच्यापुढे ठेवला. "वगळ गाव. मी सारखं बोट लावतोय, अन् कातताना मधेच हाक मारलेली तिला कधी खपली नाही."