भाकर शिकायला

मोझरीजवळच्या संत्र्याच्या मळ्यात सासऱ्यांनी पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधल्या आणि तेव्हापासून घरच्यांची दिवाळी कामातच जाऊ लागली. सून आकांक्षा पाच वर्षांत एकदाही माहेरी गेली नव्हती. "पाहुने गेले का जाजो मायेरी, तुले कोन अडवून राह्यलं?" सासूबाई दर दिवाळीला म्हणायच्या. एक पाहुणे जायचे, दुसरे यायचे.

यंदाही सकाळी चुलीपाशी भाकर शिकायला पाहुण्या बायका बसल्या. पुण्याच्या दोघींना जमलीसुद्धा. अकोटहून पहाटेच्या एस.टी.नं आलेल्या म्हातारीची मात्र चिरतच होती. ती पुन्हा पीठ मळायची आणि आकांक्षा तिचा हात हातात घेऊन पुन्हा थापायला शिकवायची. बाकीच्या उठून गेल्या तरी या दोघी हलेनात.

नाश्त्यासाठी हाका मारून थकलेल्या सासूबाई शेवटी स्वतःच चुलीपाशी आल्या आणि म्हातारीकडे बघतच राहिल्या.

"विहीनबाई, तुमी? पोरीले भाकर तं तुमीच शिकवली ना!"

म्हातारीनं चांगली गोल थापलेली भाकर मोडून पुन्हा गोळा केला.

"पाच वर्सांत विसरली मी. पाहुन्यांत नाव लिवून आली, आता शिकू द्या."