हिरवं बटण

वायर तुटली नव्हती, कापली होती.

ती जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि पेटी पुढ्यात उघडी पडली होती. तुटलेली वायर कशी दिसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लिफ्टची कंट्रोल पॅनेलं जोडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तुटलेल्या वायरीच्या तारा पिंजारतात. या वायरीची टोकं मात्र कात्री चालवल्यासारखी सपाट होती.

पेटी तिनेच बनवली होती. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा दूरच्या शहरातल्या नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन ती धावत आली. पाय सुधारला. हात मात्र काही केल्या दाद देईना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "हात हलता ठेवा. पण त्यांच्या मर्जीने हलू दे, तुमच्या नको." मग तिने लाकडी पेटीत तीन मोठाली बटणं बसवली. हिरवं दाबलं की छताच्या कप्पीवरून दोरी हळूहळू हात वर उचलायची. पिवळ्याने खाली आणायची. लाल दाबलं की सगळं जागच्या जागी थांबायचं. बाबांनी जन्मभर शिलाईचं दुकान चालवलेलं. पेटी बघून ते म्हणाले होते, "आयुष्यभर लोकांना बटणं लावली, आता मला लागली!" झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसले होते.

दादाला तर कोण कौतुक! मोटर त्यानेच त्याच्या गावाहून पाठवली. फोनवर त्याचा गळा भरून आला होता. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं."

बाई उद्या येणार होत्या. हिरवं बटण आता डाव्या नाही, उजव्या हाताने दाबून बघायचं ठरलं होतं. आणि आजच पेटी मुकी झाली.

"उंदराने कुरतडली असेल," बाबा पलंगावरून म्हणाले.

"आणि जाताना झाकण लावून गेला?"

तिने पेटीचं झाकण उचलून पाहिलं. त्याच्या बाहेर आलेल्या कडेला वरून स्क्रू होते आणि खालून नट. एका हाताने पक्कड धरून नट दाबून ठेवायचा, दुसऱ्याने स्क्रू पिळायचा. सगळे स्क्रू तिला करकचून आवळलेले सापडले होते. एका हाताचं ते काम नव्हतंच. आणि घरात ती आणि बाबा, तिसरं माणूस नाही.

"बाबा, हात उचला."

"अगं, उचलत असता तर..."

"बाबा."

बाबांनी मान खाली घातली. मग चादरीवरून उजवा हात वर आला. दोरी नाही, कप्पी नाही. खांद्याच्या वर गेला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

हा हात असा वर जाताना बघायचा म्हणून ती इतके महिने तिष्ठत होती. त्या दिवशी आपण लहान पोरीसारखं नाचू, असं तिला वाटायचं. आता मात्र त्याच हाताने कुणी थोबाडीत द्यावी, तसं झालं.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मी तुमच्या शर्टाची बटणं लावतेय! घास भरवतेय! परवा कंपनीने शेवटचं विचारलं, येणार की नाही. तुम्हाला भरवता भरवता मी नाही म्हणून कळवलं. तुम्ही समोर होतात, बाबा. तो घास गिळलात तुम्ही."

"चुकलं माझं." बाबांचा आवाज चिरकला. "एकटं राहायची भीती वाटली. बाईंपुढे सोंग वठलं नसतं, म्हणून वायर कापली. काय बोलायचं ते मला बोल. हे माझ्या एकट्याचं काम आहे."

ती फोन घेऊन बाहेर जिन्यात आली. मागून बाबांची हाक आली, "दादाला नको फोन करूस! ऐक माझं!" तिने दार ओढून घेतलं. ज्याच्याजवळ मोकळेपणाने रडावं, असं आता एकच माणूस उरलं होतं. नोकरी सुटल्याचंही तिने त्याला अजून कळवलं नव्हतं. उगाच जिवाला लावून घेईल म्हणून.

दादाने लगेच उचलला.

"दादा," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. "दादा, बाबांचा हात बरा झालाय रे."

पलीकडे शांतता पसरली. आनंदाने त्याला बोलवत नसेल, असं तिला वाटलं. तिने डोळे पुसले.

"ओकलेच का शेवटी?" दादा वैतागून म्हणाला. "तुझी नोकरी सुटेपर्यंत तरी तोंड उघडू नका, म्हणून बजावलं होतं मी त्यांना."