नटावरची रेघ

“मनगटाने नाही, खांद्याने जोर लाव,” नवरा म्हणाला.

तिने पाना ओढला. चाकामागे ब्रेकच्या नळीचा नट कुरकुरत जागेवर बसला.

“बास! आता तो माझ्या बापालाही सुटायचा नाही.” मग त्याने कुंपणापलीकडे हाक दिली, “बघताय ना काका? आमच्या घरची मेस्त्री ही!”

शेजारच्या काकांनी मान डोलावली. ती लाजली. या माणसाच्या तोंडून कौतुक म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. पूर्वी तो तिला साधा गळका नळ दुरुस्त करू द्यायचा नाही. म्हणायचा, “तुझ्या हाताला यश नाही.” आईचं अंग लुळं पडलं तेव्हा गाडी काढा म्हणून ती गयावया करत होती आणि हा ढिम्म हलला नव्हता. ते तिला अजून सलत होतं.

यंदा काय चक्र फिरलं कोण जाणे. आधी त्याने तिला नळ शिकवले, मग फ्यूज, मग गाडी. उद्या ती एकटी घाट उतरून आईकडे जाणार होती, कुणाच्या विनवण्या न करता. एवढ्याचसाठी तिने हात काळे करून घेतले होते.

तो हात धुवायला आत गेला. तिने खिशातून नेलपॉलिश काढून नटावरून थेट नळीवर एक लाल रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटणार. आपल्या धांदरटपणावर हा उपाय तिने स्वतःच काढला होता. त्याला सांगितला नव्हता. उगाच हसला असता.

सकाळी आईच्या औषधांची पिशवी तिने मागच्या सीटवर ठेवली. निघताना आपलं काम एकदा डोळे भरून बघावं म्हणून ती चाकाशी वाकली.

नटावरची रेघ एकीकडे होती, नळीवरची दुसरीकडे. खाली ब्रेकच्या तेलाचा थेंब लोंबत होता.

तिने तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं.

“घाटात एकटीलाच पाठवताय?” फाटकाशी काका विचारत होते. “गाडी तपासलीत ना?”

“छे हो,” नवरा म्हणाला. “ब्रेक कालच तिने बसवले, तुम्ही बघितलंत की. मी तर आता गाडीला हातसुद्धा लावत नाही.”