डाव्या चाकाचा बोल्ट

सहावा बोल्टही पहिल्याच आट्याला अडला. बाबांनी मुलीकडे असं पाहिलं, जणू तिनेच आत बसून तो अडवला होता.

"टर्नर म्हणालाय, सातवा हवा असेल तर लेथच तुमच्या अंगणात आणून ठेवतो," मुलगी म्हणाली.

बाबांना हसू आलं नाही. समोर आजोबांचं गवत कापायचं यंत्र उभं होतं. ढकललं की पाती फिरणारं, जुन्या बनावटीचं. तीन महिने खपून बाबांनी त्याचा गंज उतरवला, पात्यांना धार लावली. राहिला होता फक्त डाव्या चाकाचा पितळी बोल्ट, गोल डोक्याचा. तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी काकांनी हरवला होता. म्हणजे बाबा तसं म्हणत. काका कानावर हात ठेवत. पण वस्तू हरवण्यात तेव्हा काकांचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं, त्यामुळे आजोबांची बोलणी त्यांनीच खाल्ली.

आता काकांनी डाव साधला होता. "रविवारपर्यंत चाललं तर तुझं, दादा. नाहीतर माझं. सोनेरी रंग मारून दुकानापुढे ठेवतो, वर दोन कुंड्या." कुंड्यांचं ऐकल्यापासून बाबांची झोप उडाली होती. आणि आज शनिवार होता.

मुलगी पदार्थविज्ञान शिकलेली. उजव्या चाकाचा बोल्ट तिने व्हर्निअरने मोजला, नमुना म्हणून टर्नरला दिला. पहिला बोल्ट अडला तेव्हा भोकात गंज असणार, असं तिने ठरवलं. मग दर खेपेला काही शतांश मिलिमीटर बारीक. सहाही बोल्ट आपापल्या नटात झकास फिरत होते. चाकात मात्र एकही शिरेना.

"अगं, या झाकणाची मूठ परत सैल झालीय. जरा आवळून दे," स्वयंपाकघरातून आईची हाक आली.

मुलीने आत जाऊन मूठ फिरवली. मूठ आणखी सैल झाली.

"उलटी गं! या झाकणाचं सगळं उलटंच आहे, लहानपणापासून सांगतेय तुला."

मुलीचा हात थांबला. पितळी मूठ. गोल डोकं. तिने ती काढून व्हर्निअर लावलं. माप तेच, आटे तेवढे उलटे. डावं चाक फिरता फिरता सरळ आट्यांचा बोल्ट सैल करत जातं, म्हणून त्या बाजूला उलटे आटे देतात. एवढी साधी गोष्ट, आणि ती सहा वेळा टर्नरकडे जाऊन आली होती.

अंगणात तो बोल्ट उलटा फिरवताच सरसर आत गेला.

"कुठे होता?" बाबा ओरडलेच.

"आईच्या झाकणावर."

बाबांचा आनंद अर्धं मिनिट टिकला. मग त्यांचा आवाज चढला. "माझ्या वडिलांच्या मशीनचा बोल्ट, आणि झाकणाला? या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ! कुणी लावला?"

आई हात पुसत दारात आली. "अहो, तुम्हीच. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. मूठ तुटली, मला चटका बसला. तुम्ही धावत बाहेर गेलात आणि हा नटासकट घेऊन आलात. कुठला म्हणून विचारलं, तर म्हणालात, तुला काय करायचंय, उद्या त्या जागी दुसरा लावतो."

बाबा पायरीवर, त्या सहा बोल्टांशेजारी बसले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे. शेवटी खिशातून फोन काढून काकांना लावला.

"सापडला रे बोल्ट. हो, चालतंय मशीन. उद्या ये आणि घेऊन जा... अरे, तुझंच ते. तू नव्हता हरवलास."

 पलीकडे काका इतक्या मोठ्याने हसले की ते आईलाही दारात ऐकू आलं.

"मार, सोनेरीच मार," बाबा म्हणाले. "कुंड्या मी देतो."

आईने पायरीवरच्या सहांपैकी एक बोल्ट नटासकट उचलला, झाकणात घातला आणि नेहमीच्या सवयीने फिरवू लागली. तो काही केल्या धरेना.

"आई," मुलगी म्हणाली, "उलटा फिरव."